मोत्याचा पाय

सायंकाळच्या सुमारास एका इमारतीच्या दाराशीं मोटार उभी राहते आणि घरचीं दोन माणसें जाड चादरीची झोळी करून तिच्यांतून एका कुत्र्याला अलगद खालीं उतरवितात. कुत्र्याचें नांव मोत्या, वय ६ वर्षें, वजन ३४ किलो. मागच्या उजव्या पायावरचे केस मांडीपासून घोट्यापर्यंत काढलेले असून गुडघ्याच्या आंतल्या बाजूस टांक्यांची सरळ रांग दिसते. भुलीचा अंमल अजून पुरता उतरलेला नाहीं. दारांत उभी असलेली आजी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, मुलें त्याच्या नांवानें हांका मारतात, आणि "सुटला बिचारा एकदांचा!" असा उद्गार सर्वांच्या तोंडून निघतो.

हा मोत्या कोणा एका घरचा नव्हे. असे मोत्या आज अनेक घरांत आहेत, आणि हा उद्गारही प्रत्येक घरीं निघतो. तो प्रेमाचा असला तरी खरा मात्र नसतो. शस्त्रवैद्याचें काम एकदोन तासांत आटोपतें. घरच्यांचें काम त्या सायंकाळीं सुरू होतें आणि तें सुमारें १२ आठवडे चालावयाचें असतें.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांत मागचा पाय लंगडण्याचें अगदीं नेहमींचें कारण म्हणजे गुडघ्यांतील अस्थिबंध तुटणें हें होय. गुडघ्याच्या आंत दोन अस्थिबंध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले असतात. त्यांपैकीं पुढला तुटला कीं प्रत्येक पावलागणिक नडगीचें हाड मांडीच्या हाडाखालून पुढें सरकतें आणि सांधा आंतून झिजूं लागतो. खेळाडूच्या गुडघ्याप्रमाणें हा बंध एका धक्क्यानें क्वचितच तुटतो. वाढतें वय, अंगावरची चरबी आणि आनुवंशिक दोष यांनीं तो महिनोन्‌महिने विरत आलेला असतो. मग जिन्याची एखादी पायरी किंवा पलंगावरून मारलेली लहानशी उडीही त्याला पुरते.

यावर प्रचलित असलेल्या शस्त्रक्रियांपैकीं एकीचें वर्णन बार्कले स्लोकम या अमेरिकन पशुवैद्यानें १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. तींत तुटलेला बंध शिवीत बसण्याऐवजीं नडगीच्या हाडाचें वरचें टोक वर्तुळाकार करवतीनें कापून किंचित् फिरवितात, म्हणजे त्याचा उतार कमी होऊन हाड सरकावयाचें थांबतें. कापलेले दोन भाग धातूची पट्टी व स्क्रू यांनीं घट्ट जखडतात. म्हणजे गुडघा बरा करण्यासाठीं चांगलें हाड मुद्दाम मोडावें लागतें, ही गोष्ट घरच्यांनीं नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मोत्या घरीं येतो तो मोडलेलें हाड घेऊनच येतो.

मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, तेव्हां क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून ९ वर्षें अवकाश होता. जनावराच्या मोडलेल्या हाडाचें आंत काय चाललें आहे हें डोळ्यांनीं पाहण्याचें साधनच त्या वेळीं नव्हतें. आज तें साधन आहे, सुरक्षित भूल आहे, पट्ट्या आणि स्क्रू आहेत. परंतु हाड सांधण्याचा वेग मात्र होता तेवढाच राहिला आहे. त्याला आठ ते बारा आठवडे लागतात आणि कोणाच्याही मायेनें अथवा पैशानें ते कमी होत नाहींत.

म्हणून पहिली तयारी करावयाची ती घराची. गुळगुळीत फरशी ही अशा कुत्र्याची मोठी वैरीण होय. दिवाणखान्यापासून दारापर्यंत जाड सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्या आणि त्या सरकणार नाहींत अशा बसवाव्या. एका कोपऱ्यांत, जेथून घरचीं माणसें दिसतील अशा ठिकाणीं, लांकडी किंवा लोखंडी कठडा उभारून त्यांत गोधडीचें अंथरूण घालावें. त्याला उठतां, वळतां आणि आडवें होतां यावें एवढी जागा असावी. धांवतां यावें एवढी नसावी. पलंग, कोच आणि जिना यांचा मार्ग बंद करावा. बाहेर नेतांना मऊ टॉवेलाचा पट्टा पोटाखालून मांड्यांच्या पुढें घालून मागला भाग सावरावा.

पहिले तीन दिवस सुजेचे आणि वेदनेचे. स्वच्छ फडक्यांत गुंडाळलेलें बर्फ गुडघ्यावर दहापंधरा मिनिटें, दिवसांतून तीनचार वेळां धरलें असतां दोन्हींस उतार पडतो. तिसऱ्याचौथ्या दिवशीं सूज गुडघ्यावरून घोट्यावर आलेली पाहून घरचीं माणसें घाबरतात. परंतु बहुतेक वेळां तें केवळ खालीं ओघळलेलें पाणी असतें आणि हलक्या हातानें वरच्या दिशेनें चोळल्यास ओसरतें. भुलीनंतर दोनचार दिवस शौचास न होणें हेंही नेहमींचेंच आहे. गळ्याभोंवतींचा शंकूच्या आकाराचा पडदा मात्र टांके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, काढूं नये. मुलांना त्याची कींव येते आणि "थोडा वेळ काढूंया ना, आई!" असा हट्ट सुरू होतो, पण तेवढ्या थोड्या वेळांतच कुत्रा टांके चाटून जखम उघडी करतो.

औषधांच्या बाबतींत तर दयेनें फारच मोठा घात होतो. मोत्या कण्हूं लागला म्हणून माणसांच्या औषधपेटींतली गोळी त्याला देण्याचा मोह होतो. आयबुप्रोफेनसारखी आपल्या घरांतून सर्रास घेतली जाणारी गोळी कुत्र्याच्या जठरास व्रण पाडते आणि मूत्रपिंडें बिघडविते. एका प्राण्यास सोसणारें औषध दुसऱ्यास विष होतें याचा मोठा दाखला भारतांतच घडला. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळें, त्या गुरांचीं प्रेतें खाणारीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं आणि २००६ सालीं जनावरांसाठीं तें औषध वापरण्यास बंदी करावी लागली. म्हणून पशुवैद्यानें दिलेलें वेदनाशामकच, त्यानें सांगितलेल्या मापानें आणि अन्नाबरोबर द्यावें. उलटी झाली किंवा शौच काळें दिसलें तर तें थांबवून त्याला लगेच कळवावें.

इतकें सारें बहुतेक घरें निष्ठेनें करतात. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या आठवड्यांत.

टांके निघालेले असतात, केस उगवूं लागलेले असतात. वेदना गेलेली असते आणि गुडघा आंतून स्थिर झाल्यामुळें मोत्या कित्येक महिन्यांत टेकला नव्हता असा पाय टेकूं लागतो. दाराची घंटा वाजली कीं तो उसळून उभा राहतो. कठड्याशीं बसून तो ज्या नजरेनें पाहतो, ती नजर पाहून दगडालाही पाझर फुटावा. मग घरांत दोन तट पडतात. "आतां चांगला चालतो आहे, सोडा त्याला थोडा गच्चीवर," असें एक म्हणतो, "कोंडून ठेवून का कुठें दुखणें बरें होतें?" असें आजी विचारते. या मंडळींच्या मनांत मोत्याबद्दल ओतप्रोत प्रेम असतें, आणि तरी नेमक्या याच दिवसांत त्याला त्यांच्यापासून धोका असतो.

कारण पाय बरा वाटणें आणि हाड सांधणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या आठवड्यांत हाडाच्या फटींत जें जमलेलें असतें तें कोंवळें असतें. भार वाहते ती अजून पट्टीच. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारें ६० टक्के भाग पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. म्हणजे मोत्याच्या एका मागच्या पायावर स्थिर उभें असतां जेमतेम ७ किलो भार येतो. पलंगावरून उडी मारतांच तोच भार अनेकपटींनीं वाढतो. अशा एखाद्या उडीनें स्क्रू सैल होतात, पट्टी वांकते किंवा हाड दुभंगतें, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया, दुसरी भूल व पुन्हां पहिल्यापासून बारा आठवडे! कुत्र्याला हें समजावून सांगण्याची भाषा नाहीं. त्याच्या वतीनें घरच्यांनींच तें समजावें लागतें.

परंतु आजीच्या प्रश्नांतही तथ्य आहे, आणि शास्त्रानें तें मान्य केलें आहे. यूलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं हाड हें आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणें स्वतःची घडण बदलतें. भार मिळाला कीं बळावतें, न मिळाला कीं क्षीण होतें. म्हणून कुत्र्याला निश्चळ ठेवावयाचें नाहीं, मोजून चालवावयाचें आहे. पहिल्या दोन आठवड्यांत आंखूड दोरीवर शौचापुरतीं पांच मिनिटें. पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें दर आठवड्यास थोडीं थोडीं मिनिटें वाढवीत जावें. चाल मात्र अगदीं संथ असावी. भरभर चालणारा कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर वेळ मारून नेतो. संथ चालतांना त्याला तो टेकावाच लागतो. पुढें "बैस" आणि "ऊठ" यांचे सावकाश पाठ दिले असतां मांडीचे आटलेले स्नायू पुन्हां भरूं लागतात.

शरीर जखडलें तरी मन रिकामें राहूं नये. जेवण ताटलींत वाढण्याऐवजीं घड्या घातलेल्या टॉवेलांत दाणा दाणा लपवून ठेवावें. हुंगून हुंगून तें शोधण्यांत अर्धा तास सहज जातो आणि वासाचें काम कुत्र्याला फिरण्याइतकेंच थकवितें. आहारही कमी करावा, कारण बसून राहणाऱ्या कुत्र्याचें वजन चढतें आणि तें सारें त्याच गुडघ्यावर येतें. लाडानें दिलेला बेदाण्यांचा लाडू तर कटाक्षानें टाळावा. द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरतात. शस्त्रक्रियेचा दिवस ठरवितांना पंचांगावरही एक नजर टाकावी. पहिले आठवडे दिवाळीच्या फटाक्यांत सांपडले, तर भेदरलेला कुत्रा कठडाही ओलांडतो. पावसाळ्यांत आले, तर ओले जिने आणि भिजलेली जखम यांची चिंता वाढते.

कांहीं चिन्हें मात्र कधींही दृष्टीआड करूं नयेत. टेकूं लागलेला पाय अकस्मात् पुन्हां उचलून धरणें, जखमेंतून पू अथवा पाणी येणें, सूज वाढत जाणें, ताप, चोवीस तास अन्न न घेणें, यांपैकीं एकही दिसलें तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. कुत्रा वेदना लपवितो. ओरडण्यावरून त्याचें दुखणें कळत नाहीं. झोप न लागणें, विनाकारण धापा टाकणें, आवडत्या माणसाकडेही न पाहणें, ही त्याची तक्रार असते.

आठव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हां क्ष-किरणांचें चित्र काढतात. पहिल्या चित्रांत स्पष्ट दिसणारी कापाची रेघ जर पुसट झाली असेल, तर हाडानें आपलें काम केलें आहे असें समजावें. त्यानंतरही एकदम मोकळीक नाहींच. आणखी कांहीं आठवडे चाल वाढवीत नेऊन मगच जिना, मग गच्ची, मग मैदान. एका गुडघ्याचा बंध तुटलेल्या पुष्कळ कुत्र्यांचा दुसऱ्या गुडघ्याचाही पुढेंमागें तुटतो. तेव्हां वजन आंवरणें आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी राहूं देणें हे नियम कायमचेच म्हणावयाचे.

बाराव्या आठवड्यानंतरच्या एखाद्या सकाळीं मैदानांत दोरी सोडली जाते. मोत्या क्षणभर उभाच राहतो. दोरी गेली हें त्याला लगेच उमगत नाहीं. मग तो धांवूं लागतो, चारही पायांवर. ज्यांनीं तिसऱ्या आठवड्यांत त्याच्या त्या नजरेपुढें कठड्याची कडी काढली नाहीं, तींच माणसें कडेला उभीं राहून त्याला पाहत असतात. कोंडून ठेवल्याचा राग त्याच्या मनांत उरलेला नसतो. एक फेरी पुरी करून तो धांवत त्यांच्याकडेच परत येतो.