शस्त्र आणि संयम
(लासूर स्टेशन येथील व्याख्यानाचा सारांश)



जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये रुग्णसेवा करता करता सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली निवर्तले. तेव्हा जपान निरपराध होता, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की सेनेच्या अपराधाचे शासन नगरातील लेकुरवाळ्यांना द्यावे काय?

१९४५ मध्ये ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. वर्षअखेरपर्यंत सुमारे दोन लाख जीव गेले. जपानच्या भूमीवर सैन्य उतरवले असते तर याहून मोठा संहार झाला असता, असे समर्थक सांगतात. परंतु दोन बाँबांमध्ये अवघ्या तीन दिवसांचे अंतर होते. ९ ऑगस्टलाच रशियाचे सैन्यही जपानवर चालून गेले. आणि सम्राटपदाची जी हमी आधी दिली नाही, ते पद शेवटी राहिलेच. मग अन्य सर्व मार्ग खुंटले होते, असे कसे म्हणावे?

भारताने १९९८ मध्ये पोखरणला सामर्थ्य सिद्ध केले आणि २००३ मध्ये ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण अधिकृतपणे जाहीर केले. दुर्बळाच्या संयमाला जग किंमत देत नाही, हे खरे. पण युद्ध संपले एवढ्यानेच साधन शुद्ध ठरत नाही. शस्त्र असावे ते शत्रूला धाक म्हणून, निःशस्त्र वस्तीवर टाकण्यासाठी नव्हे.