राउटर, लिनक्स आणि गटाचे पंधराशे रुपये

आम्ही मेहकर तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बाया बोलत आहोत. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा. आमच्या गटाचे पंधराशे रुपये कसे वाचले, ते आज सांगणार आहोत.

मागच्या वर्षी गटाला एक जुना कॉम्प्युटर मिळाला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. आम्हाला दोन्हीतलं काहीच कळत नव्हतं. पण गटाचा हिशोब, कर्जाचे कागद, पोरींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं आता ऑनलाइन. एका अर्जासाठी तालुक्याला जायचं, तर एस.टी.चं तिकीट अर्धं लागत असलं तरी मजुरी पूर्ण बुडते. म्हणून गटानं ठराव केला, इंटरनेट घेतलं आणि नवीन राउटर आणला. बाहेरून आलेलं इंटरनेट घरातल्या मोबाइल-कॉम्प्युटरांना वाटून देणारा डबा म्हणजे राउटर.

वायरी आम्हीच लावल्या. दिवे लागले, मोबाइलवर राउटरचं नावही दिसलं. पण इंटरनेट काही येईना. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे लिनक्स आहे. याच्यावर राउटर चालत नाही. विंडोज टाकावं लागंल. पंधराशे द्या."

अध्यक्षाबाईंनी पैशाची पेटी उघडलीसुद्धा. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या, "काहून बाप्पा? मोबाइलातही नेट येऊन नाही राह्यलं. मंग कॉम्प्युटरचा दोष कसा?"

बायांनो, काकूंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण नळयोजनेचं पाणी त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पाणी एकाच घरी येत नसेल, तर त्या घरचा नळ पाहायचा. अख्ख्या गल्लीत येत नसेल, तर टाकीकडं जायचं. इंटरनेटचंही तसंच आहे. आम्ही पेटी बंद केली आणि टाकीकडून नळाकडं निघालो.

पहिली पायरी, बाहेरची लाइन. भिंतीवर इंटरनेटवाल्यांनी जो डबा बसवलेला असतो, त्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर लाइनच तुटली समजा. मग घरात काही खटपट करू नका, फोन करून तक्रार द्या. आमचा दिवा लाल नव्हता.

दुसरी पायरी, राउटरच्या मागची भोकं. त्यातलं एक वेगळं असतं, बऱ्याचदा वेगळ्या रंगाचं. त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं असतं. भिंतीवरच्या डब्यातून येणारी वायर त्यातच जाते. बाकीच्या 'लॅन' भोकांतून कॉम्प्युटरला वायर द्यायची. आम्ही बाहेरची वायर 'लॅन'मध्ये खुपसली होती! ती बदलली, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू केला, आणि मोबाइलात नेट आलं. काही ठिकाणी इथं इंटरनेटवाल्यांचं युजरनेम आणि पासवर्डही टाकावा लागतो. जोडणी घेतानाच तो मागून घ्या आणि गटाच्या रजिस्टरात लिहून ठेवा.

तिसरी पायरी, कॉम्प्युटर. राउटरपासून त्याला वायर जोडली. लिनक्सनं काही न विचारता इंटरनेट घेतलं. एक रुपया लागला नाही.

राहिलं एकच, बिनवायरीचं वायफाय. कॉम्प्युटरवर ते दिसेना. इथं मात्र दोष कॉम्प्युटरकडं होता. त्यातल्या वायफायच्या भागाला 'ड्रायव्हर' नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, तो नव्हता. वायरीचं नेट चालू ठेवून सेटिंगमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं, त्यानं सुचवलेला ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायफाय दिसलं. वायर पोचत नसेल तर मोबाइल यूएसबीच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडून 'यूएसबी टेथरिंग' चालू करा, तेवढ्यापुरतं नेट मिळतं. अजून एक ध्यानात ठेवा. जुन्या कॉम्प्युटरला राउटरचं '५ जी' लिहिलेलं नाव बऱ्याचदा दिसतच नाही. दुसरं, २.४ वालं नाव धरा. जाड भिंतीतूनही तेच जास्त लांब जातं.

मग तो माणूस असं का म्हणाला? राउटरच्या खोक्यावर फक्त विंडोजचं नाव होतं, म्हणून असेल. पण लिनक्स काही परकं नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं, आणि ते फुकट वापरता येतं. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनं 'बॉस' नावाचं लिनक्स काढलंय, त्यात मराठीही चालते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सच आहे. आणि गंमत ऐका, घरगुती राउटरांपैकी कितीतरींच्या पोटातही लिनक्सच असतं!

शेवटचं काम विसरू नका. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ असा काहीतरी पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरचं पान उघडतं. तिथं दोन पासवर्ड बदला. एक वायफायचा, दुसरा त्या पानात शिरायचा. सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' निवडा. या वायफायवरून गटाच्या बँकेचं काम होतं. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगून ठेवतो का आपण?

त्या पंधराशेतून आम्ही एक लांब वायर आणि कॉम्प्युटरवर टाकायला कापड घेतलं. बाकीचे पेटीत परत गेले. आता आमच्या सुना अर्ज भरतात. आणि नेट गेलं की काकू जागेवरूनच विचारतात, "मोबाइलात येते का?"

बायांनो, तुमच्याकडंही कोणी मशीन पाहून आधी पैसे सांगितले, तर पेटी उघडण्याआधी हाच प्रश्न विचारा.