डोंगरवाडीचा दौरा : आखणी आणि अवधान

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील सागरकिनारे पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात रायगड जिल्ह्याचे चित्र उरते ते नारळी-पोफळीच्या बागांचे आणि भातखाचरांचे. परंतु त्याच किनाऱ्याच्या पाठीशी ज्या डोंगररांगा दिसतात, त्यांच्या उतारांवर व पायथ्याशी कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी या समाजांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती. या वाड्यांवर कामानिमित्त जाणारा अधिकारी, शिक्षक अथवा पंचायत सदस्य आपला दौरा कसा आखतो, यावर त्या दौऱ्याचे फलित बव्हंशी अवलंबून असते.

पहिला प्रश्न वेळेचा. पाऊस सरला, पायवाटा वाळल्या, की दौऱ्यांचा हंगाम सुरू होतो, ही कार्यालयांची जुनी वहिवाट. नेमक्या याच काळात कातकरी वाडी रिकामी होते. दिवाळी आटोपली की वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर बिऱ्हाडे निघतात. पावसाळ्यातील उपासमारीत, लग्नकार्यात अथवा आजारपणात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी मुलाबाळांसह सारे कुटुंब राबते आणि मृगाच्या तोंडावर परतते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीची गाठ मात्र अनेक घरांत सुटलेली नाही. माघ-फाल्गुनात वाडीवर गेलेल्या अधिकाऱ्यास दोन म्हातारी माणसे आणि बंद झोपड्या दिसतात, आणि अहवालात ‘लाभार्थी गैरहजर’ असा शेरा पडतो. गैरहजर कोण होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे!

म्हणून कातकरी वाडीचा दौरा भाद्रपद-आश्विनात, माणसे स्थलांतरास निघण्यापूर्वी व्हावा. मुलांच्या शिक्षणाची सोय करावयाची तर तीही याच वेळी. एकदा बिऱ्हाड भट्टीवर गेले की पटावरचे नाव पटावरच राहते. ठाकरांचे तसे नाही. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकविणारा हा समाज आपल्या डोंगराला अधिक धरून असतो. दोन्ही वाड्यांना एकच वेळापत्रक लावणे चुकीचे ठरते.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. दिवसा कर्ती माणसे रानात किंवा दुसऱ्याच्या शेतावर असतात. बोलणे होते ते संध्याकाळी, चूल पेटल्यावर. वाडीवर रात्र काढण्याची तयारी हवी आणि शिधा आपला आपण न्यावा. पाहुणा आला म्हणून घरातील एकुलती कोंबडी कापली जाते. त्या आतिथ्याचे कौतुक दौऱ्याच्या टिपणीत येते. त्यानंतरच्या आठवड्यात त्या घरी काय शिजले, ते येत नाही. कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे. तेव्हा वाडीतील शिकलेला मुलगा किंवा आशा कार्यकर्ती सोबत असल्यास निम्मे काम सुकर होते.

कागदपत्रांचे दप्तर मात्र भरपूर न्यावे. रायगड जिल्ह्याचा समावेश अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू होत नाही. वाडी ही बिगरआदिवासी गावाच्या ग्रामपंचायतीचा एक कोपरा ठरते आणि ग्रामसभेत तिचा आवाज क्षीण राहतो. अनेक कातकरी वाड्या परक्याच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचे अर्धे वर्ष भट्टीवर जाते, त्याच्याकडे हे कागद कोठून असणार? तो वृद्धांच्या साक्षीने, जागेवरील चौकशीने सिद्ध व्हावयाचा असतो. तलाठी व वनरक्षक यांना बरोबर नेले, तर तालुक्याच्या गावी मारावयाच्या पाच-सहा खेपा, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी, वाचते. जंगलाशी असलेले या लोकांचे नाते नवे नाही. कात पाडणारे म्हणून ते कातकरी. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तेव्हा हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हेही होते.

राहता राहिली वाट. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत पथकांना भर पावसात, अंधारात डोंगर चढावा लागला आणि यंत्रसामग्री खालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. माळीण (२०१४) आणि तळिये (२०२१) येथील दुर्घटना त्यापूर्वीच घडून गेल्या होत्या.

दौऱ्यावर जाणाऱ्याने म्हणूनच वाट स्वतः चालून पाहावी. पायथ्यापासून वाडीपर्यंत किती वेळ लागतो, कोणता ओढा पावसाळ्यात किती दिवस अडतो, अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून उतरविण्यास किती माणसे लागतात, फोनची रेंज कोणत्या दगडावर मिळते, वरच्या कड्याला नवी भेग दिसते काय, हे वाडीतील म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर नोंदवावे. ती नोंद मे महिन्यापूर्वी तहसीलदारांच्या हाती पडली पाहिजे. जूनच्या पहिल्या सरीनंतर ती वाट पुन्हा चालून पाहणे कठीण असते.