पत्र्याच्या आतली धूळ

(नाक्यावर काम शोधणाऱ्या बायांच्या प्रश्नांवर मुंबईत झालेल्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आधी एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणींच्या इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत सध्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत तुमच्या खिडकीसमोर एखादी इमारत पाडली जाणार. तुम्ही खिडक्या लावून घ्याल, वाळत घातलेले कपडे आत आणाल, दमेकरी सासूबाईंना गावी पाठवाल. त्या इमारतीच्या आत तेव्हा आठ-दहा बाया घमेली वाहत असतील. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पाडकामात बाईच्या वाट्याला काय येतं? ब्रेकर पुरुषाच्या हातात, घणही त्याच्याच हातात आणि मजुरीही त्याची जास्त. फुटलेलं घमेल्यात भरायचं, डोक्यावरून न्यायचं, ढिगावर ओतायचं, जुन्या विटांचा चुना-सिमेंट खरवडून त्या रचायच्या आणि संध्याकाळी जागा झाडायची, ही बाईची कामं. याला 'हलकं काम' म्हणतात. धूळ फोडताना उडते, हे सगळ्यांना दिसतं. ती भरताना, ओतताना, खरवडताना, झाडताना पुन्हा पुन्हा उडते. ओतताना तर घमेलं तोंडासमोरूनच खाली येतं.

जी धूळ दिसते, पापण्यांवर बसते, ती नाकातोंडात अडकते, खोकल्यावाटे बरीचशी बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक धूळ. ती लवकर खाली बसत नाही, हवेत तरंगत राहते आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. रेती, विटा, काँक्रीट या सगळ्यांत सिलिका असते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो आणि कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून उपचार चालू राहतात. सिलिकाच्या धुळीने कर्करोग होतो हेही १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलं. पण दवाखान्यात बाईला विचारतात, "घरी चुलीवर स्वयंपाक करता का?" "कामावर काय करता?" हे फारसं कुणी विचारत नाही. आणि पदर नाकाला बांधून ही धूळ अडत नाही.

नियम नाहीत असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फारच बिघडली, तेव्हा महापालिकेने नियमावली काढली. एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेभोवती २५ फूट. पाडायची इमारत ताडपत्रीने किंवा हिरव्या कापडाने झाकायची. पाडताना सतत पाणी मारायचं. कामगारांना मास्क, चष्मा द्यायचा. चांगलंच आहे. पण अंमलबजावणी कशाची होते? रस्त्यावरून दिसतं त्याची. पत्रे लागतात, कापड चढतं, फवाऱ्याचं यंत्र फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभं राहतं. पत्र्याने धूळ कमी होत नाही, ती आत कोंडते. आत कोण आहे, ते आपल्याला माहीत आहे.

आता आमचीच एक फजिती सांगते. एका पाडकामावर आम्ही ठेकेदाराच्या मागे लागलो की पाण्याचा पाइप आत द्या. बरीच बाचाबाची झाली, शेवटी त्याने दिला. आम्ही खूष. दुसऱ्या दिवशी गेलो तर पाइप गुंडाळून ठेवलेला. बंद कुणी केला? बायांनीच. त्यातली एक, जालन्याकडची, मला म्हणाली, "ताई, पाणी मारलं की घमेलं जड होतं. दिवसाला दोन गाड्या भरायच्या तिथं दीडच भरते. तुमचं काय जातंय?"

काम उक्तं होतं, गाडीमागे पैसे. आम्ही फुप्फुसाचा हिशोब केला, पण मानेचा आणि मजुरीचा केलाच नव्हता. आमच्या मागणीची किंमत त्यांच्या डोक्यावर पडत होती, अगदी शब्दशः.

मग बसून बोललो. त्यातून बरंच निघालं आणि बहुतेक बायांकडूनच निघालं. ढीग भिजवून चिखल करायची गरज नाही, ओलसर केला तरी पुरतं. पाणी फोडायच्या आधी आणि फोडतानाच, हातोडा पडतो तिथे मारायचं. एकदा बारीक धूळ हवेत गेली की पाइपाच्या मोठ्या थेंबांना ती सापडत नाही, थेंबाला वळसा घालून निघून जाते. वरच्या मजल्यावरून राडारोडा खाली फेकायचा नाही, बंद नळातून सोडायचा. त्याने धूळही कमी आणि जिन्यातल्या खेपाही कमी. कोरडं झाडायचं नाही. घमेलं अर्धं भरायचं आणि उंचावरून न ओतता ढिगाला टेकवून ओतायचं. मास्क हवाच, पण कापडी नको, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. तो लावून उन्हात घमेलं वाहताना धाप लागते, हे मी स्वतः दोन तास करून पाहिलं आहे. म्हणून मास्क शेवटी, पाणी आधी. आणि यातलं काहीही टिकायचं तर मजुरी गाडीवर नको, रोजावर हवी. नाहीतर पाइप पुन्हा गुंडाळला जाणार.

रोजाची मागणी तिथे अर्धवटच मान्य झाली. सहा आठवड्यांत इमारत जमीनदोस्त झाली आणि बाया पांगल्या. हीच खरी अडचण. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामालाही कामात धरलं, पण नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागायचा. सहा-सहा आठवडे चार ठेकेदारांकडे राबलेल्या बाईला तो कोण देणार? त्याच कायद्यात पाळणाघर होतं, पन्नासहून जास्त बाया असतील तिथे. पाडकामावर पन्नास बाया मी कधी पाहिल्या नाहीत. आठ असतात आणि दोघींची लेकरं त्याच ढिगाच्या आडोशाला झोपलेली असतात.

म्हणून सुरुवातीला हात वर करायला लावले. ठेकेदार बदलतो, मुकादम बदलतो, बाया बदलतात. पण तुमची सोसायटी विकासकाशी करार करते, तो कागद बदलत नाही. त्यात पार्किंग येतं, भाड्याची रक्कम येते, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या दगडाचा रंगसुद्धा येतो. त्यातच एक कलम घालायला सांगा. फोडायच्या जागी पाणी, राडारोड्याला बंद नळ, रोजाने मजुरी, लेकरांसाठी धुळीपासून दूर एक खोली, आणि प्रत्येक बाईला किती दिवस काम केलं याचा सहीचा कागद. सर्वसाधारण सभेत हे मांडलंत तर लोक हसतील. माझ्या सोसायटीत हसले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हा ठेकेदाराचा विषय आहे." मी म्हटलं, इमारत आपली आहे, पाडायला आपणच सांगतोय. पुढच्या सभेत तो विषय पुन्हा घेतला आहे. आमच्याच मजल्यावरच्या दोघीजणी या वेळी माझ्या बाजूने बोलणार आहेत.