बॉनेट नीट लागलंय ना?



11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि नागपूरकरांना शिर्डी जवळ आली. अंतर 520 किलोमीटर, मोटारींना वेगाची मुभा ताशी 120. निघताना लोक टायरमधली हवा बघतात, आणि ती बघायलाच हवी. बॉनेटकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. शहरात चाळीसच्या वेगाला ते नुसतं खडखडतं. एकशेवीसला त्याच बॉनेटवर वाऱ्याचा जोर तिप्पट नव्हे, नऊपट होतो. बहुतेक गाड्यांत बिजागऱ्या काचेकडे असतात आणि उघडणारं तोंड पुढे. लॉक सुटलं, की वारा खालून शिरतो आणि अख्खा पत्रा समोरच्या काचेवर आदळतो.

म्हणून तर दोन खटके दिलेले असतात. स्टिअरिंगखालची दांडी ओढली की केबल पहिला खटका सोडते, बॉनेट बोटभर वर येतं. दुसरा खटका आपण बोट घालून सरकवतो. पहिला बसलाच नाही, तर सगळी भिस्त या दुसऱ्यावर.

आता, बॉनेट लागत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: ‘भाऊ, जोरात आपटा!’ ही सवय ॲम्बेसेडरच्या काळातली असावी. तिचा जाड पत्रा सगळं सोसायचा. ती गाडी 2014 साली बंद झाली. सवय काही गेली नाही. आजचा पत्रा पातळ आहे. तळव्याने दाबलात तरी पोचा येतो.

खरं तर दोष बहुधा मळाचा असतो. मे महिन्यात आपला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात धूळ. लॉकमधलं जुनं ग्रीस आणि धूळ मिळून घट्ट चिखल होतो, आणि स्प्रिंगला आकडा ओढता येत नाही. इंजिन गार असताना डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने लॉक धुवा, पुसा, नवं ग्रीस लावा. पाना हातात घेण्याआधी एवढं करून पाहा. अनेकदा काम इथेच संपतं.

नाही संपलं, तर दोन्ही मडगार्डांलगतच्या फटी बघा. एक रुंद आणि एक अरुंद असेल, तर बिजागरीचे बोल्ट सैल करून बॉनेट सरकवावं लागतं; बोल्टची भोकं त्यासाठीच जरा लांबट असतात. आधी बोल्टभोवती मार्करने खूण करा, नाहीतर मूळ जागा सापडायची नाही. बोल्ट पूर्ण काढू नका, आणि पलीकडून धरायला कुणीतरी हवंच. पुढच्या कोपऱ्यांतले रबरी ठोकळे फिरवले की वरखाली होतात. ते फार वर असले तर लॉक बसत नाही, फार खाली असले तर बॉनेट खडखडतं. आधी बिजागरी, मग लॉक, शेवटी ठोकळे, हाच क्रम ठेवा. कितीतरी जण थेट लॉकवर हातोडी चालवतात, तिथेच सगळं बिघडतं.

लॉक हलवलं असेल, तर बॉनेट लावण्यापूर्वी उघड्या लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा आणि कुणाला तरी आतली दांडी ओढायला सांगा. आकडा सुटला तरच पुढे जा. हे न करता बॉनेट लावलं आणि ते अडकलं, तर ते उघडायला अर्धी गाडी खोलावी लागते. ही तपासणी झाली, की बॉनेट वीतभर उंचीवरून सोडा. आपल्या वजनानेच ते लागलं पाहिजे. लागल्यावर पुढची कड धरून वर ओढून बघा.

समोरून ठोकर बसलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ज्या पट्टीवर लॉक बसतं ती पट्टीच वाकलेली असेल, तर बोल्ट फिरवून उपयोग नाही. ती गाडी डेंटरकडे न्या, आणि दोन्ही बाजूंच्या फटी आपल्या डोळ्यांनी सारख्या दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.