प्रत्येकाच्या खात्यात हक्काची रक्कम : एक प्रयोग व्हावा



दीपनगरच्या वीज केंद्रात ज्याला कायम नोकरी आहे, त्याला महिन्याच्या पगाराचा भरवसा असतो. रोजंदारीवरच्या बापाला तो नसतो. काम तुटले की पहिला घाव मुलीच्या शाळेवर पडतो.

प्रत्येक माणसाला विनाअट दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, या विचाराला मूलभूत उत्पन्न म्हणतात. लोक आळशी होतील, अशी शंका आपण घ्याल. शेजारच्या मध्य प्रदेशात 2011 मध्ये ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत हा प्रयोग केला. प्रौढांना 200 व मुलांमागे 100 रुपये, पुढे 300 व 150. लोकांनी कामे सोडली नाहीत. मुलींची शाळेतील हजेरी मात्र वाढली.

2024 ची लाडकी बहीण योजना 21 ते 65 वर्षांच्या स्त्रियांपुरती, उत्पन्नाची मर्यादा घालून आली. अट आली की दाखले आले, आणि खरा गरजू तिथेच अडतो.

म्हणून शासनाने आपल्या परिसरातील एका गावात दोन वर्षे हा प्रयोग करावा व शेजारच्या गावाशी ताडून पाहावा. जकात गरजूंसाठी आहे, ती आपण देतच राहू. ही रक्कम सर्वांच्या हक्काची असेल. तोवर कोणत्या घरची मुलगी शाळा सोडते, याची नोंद आपण ठेवू या. शासनाच्या दारात तीच आपली बाजू मांडेल.