श्रद्धा आणि मनाचें दुखणें

नांदेड जिल्ह्यांतील माहूरगडावर नवरात्रांत रेणुकेच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. संबळ वाजूं लागला कीं गर्दींतील एखाद्या बाईच्या अंगांत येतें. ती घुमूं लागते, केस मोकळे सुटतात. भोंवतालच्या बायका पुढें होऊन तिची ओटी भरतात, हळदकुंकू लावितात. घटकाभरानें ती शांत होते, पाणी पिते, पदर सांवरते आणि मुलाचें बोट धरून पायऱ्या उतरूं लागते. याच माहूरास महानुभाव पंथाचेंही स्थान आहे. पंथाच्या अशा मंदिरांत निराळ्या तऱ्हेचीं माणसेंही येतात: झोंप उडालेलीं, अन्नावरची वासना गेलेलीं, घरच्यांनीं ‘बाहेरची बाधा’ म्हणून आणलेलीं. तींही घुमतात. वरवर पाहणाऱ्यास दोन्ही दृश्यें एकच वाटतात. सुशिक्षित मनुष्य दोहोंस वेड म्हणतो, भाविक मनुष्य दोहोंस दैवी म्हणतो. आणि दोघांचीही चूक होते.

वैद्यकानें यांतील भेद स्पष्ट केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ति १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अंगांत येण्याच्या विकाराची नोंद आहे. पण जें इच्छेविरुद्ध येतें, नकोसें असतें आणि धर्माचाराच्या चौकटीबाहेर घडून नित्याच्या व्यवहारांत विघ्न आणितें, तेवढ्यासच तेथें विकार म्हटलें आहे. ओटी घेऊन घरीं परतणारी बाई या व्याख्येंत बसत नाहीं.

व्यक्तिमत्त्वाच्या विकारांचेंही तसेंच आहे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीप्रमाणें, स्वतःविषयींची जाण व इतरांशीं असलेले संबंध यांतील बिघाड दीर्घकाळ, म्हणजे निदान दोन वर्षें, टिकावा लागतो आणि त्यापासून क्लेश किंवा हानि व्हावी लागते. जें वर्तन मुख्यतः समाजाच्या चालीरीतींतून येतें, तें विकारांत मोडत नाहीं. म्हणून वारकऱ्याची माळ किंवा आजीची एकादशी हीं रोगाचीं लक्षणें नव्हेत.

परंतु श्रद्धेच्या पांघरुणाखालीं दुखणें दडूनही राहतें. पूजेचें भांडें जरा इकडचें तिकडे झालें तर घर डोक्यावर घेणारा, शेजाऱ्यांनीं करणी केली असें वर्षानुवर्षें म्हणत एकेका आप्ताशीं संबंध तोडीत जाणारा, अशा मनुष्यास घरांत ‘फार कडक’ किंवा ‘फार धार्मिक’ म्हणून सोडून देतात. श्रद्धा माणसास माणसांजवळ आणते कीं माणसांपासून तोडते, हें घरच्यांनीं पाहावें. तोडीत असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची वेळ आली असें समजावें.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्याच दिवशीं गणपतीचें विसर्जन झालेलें होतें. हजारों माणसें गेलीं. अशा आघातानंतर कोणी देवावर रुसतो, कोणी देवास अधिकच घट्ट धरितो. दोन्हीही दुःखाचीं रूपें आहेत, रोगाचीं नव्हेत. मात्र महिने लोटूनही झोंप येईना, भीति सरेना, जगणें नकोसें झालें, तर नुसत्या ‘देवाची इच्छा’ या शब्दांनीं भागत नाहीं.

जेथें उपचारास विलंब होतो, तेथें मांत्रिकाचें फावतें. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं एका आश्रयगृहास आग लागली. सांखळदंडानें बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा तींत अंत झाला. त्यांना तेथें आणणारीं माणसें निर्दय नव्हतीं. दर्ग्यापाशीं आपलें माणूस बरें होईल, ही त्यांची आशा होती. महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या मिषानें दोरखंडानें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें हे गुन्हे ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास सांखळीनें बांधण्यास देशभर मनाई केली. देवदर्शनास यांपैकीं कोणत्याही कायद्याची आडकाठी नाहीं.

नांदेड व लातूर या दोनही शहरीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. गडावर नवस बोलून आलेल्या कुटुंबानें दुसऱ्या दिवशीं तेथें मनोविकारतज्ज्ञाकडे जावें; त्यांत देवीचा अवमान होत नाहीं. शहाण्या तज्ज्ञानेंही रुग्णाच्या गळ्यांतील माळेस हंसूं नये. पुष्कळदां त्याच माळेच्या आधारानें तो दवाखान्याच्या दारापर्यंत आलेला असतो.